आजचा दिवस बागेचा!

वसंतातलं छान ऊन पडलंय आणि सकाळपासून मी समुद्राकाठच्या बागेतच आहे. काम असं खास नाही, नुसती खुडबूड. खाऱ्या वाऱ्याने पानांवर मिठाचा पातळ थर बसतो, कडा करपतात. म्हणून आधी सगळ्या झाडांना गोड्या पाण्याने आंघोळ घातली. जास्वंदीला नवी पालवी फुटलीय. कोवळी, लकाकती, अजून घडीही न मोडलेली... कितीतरी वेळ बघत बसले. सदाफुली मात्र खरी चिवट, वाळूत, वाऱ्यात, भर उन्हातही फुलते. फार लाडकी माझी! वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून आळ्यांत शेणखत मिसळून वर पालापाचोळा पसरला. मोगऱ्याचं आळं तेवढं राहिलंय. ते झाल्याशिवाय मी काही आत जात नाही!