गाईडमध्ये हिशोब हवा

आज वाशीच्या गेमिंग कॅफेत पोरं व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या शूटिंग गेमचं गाईड वाचत होती. 'दुसऱ्या राउंडला पैसे वाचवा' एवढंच त्यात लिहिलेलं. का, ते कुठेच नाही!

हिशोब असा मांडायला हवा. पहिला, म्हणजे पिस्तूल राउंड हरलात आणि हातात काहीच उरलं नाही, तर १९०० क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, मिळतात. ते राखले आणि दुसराही हरलात, तर वर २४०० येऊन ४३०० होतात. म्हणजे २९०० ची व्हँडल रायफल, १००० चं जड चिलखत आणि अ‍ॅबिलिटीला (खास शक्तींना) ४००. तेच घाईने १६०० ची स्पेक्टर बंदूक घेऊन मेलात, तर तिसऱ्या राउंडला २७०० च. व्हँडलही येत नाही. आणि एकट्याने राखून बाकी चौघांनी उधळले तर सगळं फुकट. हे गाईडवाले लिहितच नाहीत, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

किमती पॅचनुसार, म्हणजे गेमच्या अपडेटनुसार, बदलतात, म्हणून पॅच क्रमांक वरच हवा.

स्पाइकचंही, म्हणजे आक्रमक लावतात त्या बॉम्बचंही, तेच. निकामी करायला ७ सेकंद लागतात हे सगळे सांगतात. पण साडेतीन सेकंद पूर्ण झाले की तेवढं काम जमा राहतं, पुढच्याला उरलेलं निम्मंच करायचं असतं. त्यामुळे निकामी करायचा आवाज आला की आक्रमकाने किती वेळ थांबायचं, हे सेकंदात लिहा.