नववा स्प्राइट कुठे गेला

गेले तीन महिने रात्री काम आटोपलं की एनईएससाठी (निन्टेंडोचा १९८० च्या दशकातला गेम कन्सोल) एक छोटा गेम असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, लिहितोय. परवा पहिल्यांदाच एका रांगेत पाच शत्रू उभे केले आणि पाचवा दिसेचना! दोन तास बग शोधला, पण बग नव्हताच. ग्राफिक्स चिप एका आडव्या ओळीवर फक्त ८ स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं, प्रत्येक ८ पिक्सेल रुंद) काढते, माझा एकेक शत्रू १६ पिक्सेल रुंद म्हणजे दोन स्प्राइट, त्यामुळे चौघांतच कोटा संपला.

यावर उपाय जुनाच आहे, दर फ्रेमला स्प्राइटच्या यादीतला क्रम फिरवायचा म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा कोणीतरी गळतो, आणि सेकंदाला ६० फ्रेम असल्यामुळे सगळेच दिसतात, फक्त लुकलुकतात. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची ना, ती बहुतेक वेळा अशी मुद्दाम केलेली वाटणी असायची. मला ती फार आवडते, कारण एकाला कायमचं गायब करण्यापेक्षा सगळ्यांनी थोडं थोडं सोसणं खेळणाऱ्याच्या दृष्टीने खूपच न्याय्य आहे.

रंगांचीही अशीच ओढाताण, बॅकग्राउंडच्या १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनाला एकच पॅलेट (रंगांचा संच), त्यात तीन रंग आणि एक सगळ्यांचा सामाईक.

पण मी खरा गुंतलोय तो आवाजात. दोन पल्स आणि एक ट्रँगल (ही सूर काढणाऱ्या लहरींच्या आकारांची नावं), एक खरखरीचा नॉइज आणि एक सँपल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवणारा, एवढेच पाच चॅनल. ट्रँगलला व्हॉल्यूमच नाही, एक तर वाजणार नाहीतर बंद, त्यामुळे बेसचा सूर हळूहळू विरत नेणं विसराच. उडी मारल्याचा आवाज दुसऱ्या पल्सवर ठेवला तर तेवढा वेळ तिथली साथ गप्प होते, म्हणून चाल पहिल्या पल्सवर हलवली, साथ क्षणभर गेली तर कान चालवून घेतो, चाल तुटली की लगेच खटकतं.

ड्रमसाठी सँपल वापरून बघितले, छान वाजले, पण सँपलचा डेटा मेमरीतून खेचला जाताना कधीकधी कंट्रोलरच्या वाचनातला एक बिट हरवतो आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटतं! दोन वाचनं सारखी येईपर्यंत पुन्हा वाचत राहायचं, हा त्यावरचा इलाज. तो मी केलाही, चालतोही, पण सँपल रॉममध्ये (गेमच्या कार्ट्रिजमधली मेमरी) जागा फार खातात म्हणून शेवटी काढूनच टाकले. आता ट्रँगलचाच सूर चारपाच फ्रेममध्ये झपकन खाली उतरवतो, त्यावर नॉइजचा एक छोटा फटका देतो, आणि तो ठोका काल हेडफोनवर इतका दणदणीत लागला की मी तेवढंच कितीतरी वेळ लावून ऐकत बसलो.