खेकड्यांचा भाव

ऑगस्ट 2022मध्ये घरगुती खर्चाची देशव्यापी पाहणी सुरू झाली, तेव्हा माझ्या वाट्याला जव्हार तालुक्यातले पाडे आले. एका घरी तीन महिन्यांत तीन भेटी द्यायच्या आणि दर भेटीला वेगळी प्रश्नावली टॅबवर भरायची. अंडी-मासे-मटणाचा हिशेब गेल्या सात दिवसांचा विचारतात. बकरं, म्हशीचं मांस, डुक्कर, कोंबडी यांना आपापली ओळ आहे. पक्षी, खेकडे, कालवं वगैरे 'इतर'मध्ये जातात. बहुतेक घरांत ही ओळ शून्य टाकून पुढे सरकते.

त्या दिवशी वाट दाखवायला गावातला एक शिकलेला तरुण सोबत होता. असे सोबती मला नकोसे होतात, कारण घरातली बाई तोंड उघडायच्या आत उत्तर त्यांचंच येतं. मी मटणावर आलो तसा तो म्हणाला, "सर, श्रावण चालूय, इथं कोण खाणार? शून्य टाका." आणि चुलीपुढे म्हातारी पाट्यावर खेकड्यांच्या नांग्या ठेचत होती! ठेचा पाण्यात कालवून ती फडक्यातून गाळत होती, तो रस वाटणात जाणार होता. त्याच्या घरी श्रावण पाळत असतील, या घराने पाळलेला नव्हता.

सून भाताची बेणणी करून नुकतीच आली होती. खेकडे किती आणले, किती खाल्ले विचारलं, तर हसायलाच लागली. "रानातलं ते. रातचे बत्ती घेऊन जायचं नि धरायचं. त्याचे कसले पैसे?"

पैसे दिले नसले तरी खाल्लं ते मोजायचं असतं. फुकट गोळा केलेल्या वस्तूची किंमत स्थानिक किरकोळ भावाने धरायची, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण पाड्यावर खेकडे विकतच नाहीत आणि बाजारात ते किलोवर मिळत नाहीत. वेलीने पाय बांधलेली दहा-बारा खेकड्यांची माळ मिळते. टॅबला किलो हवेत. संध्याकाळी जव्हारच्या बाजारात एका बाईकडून दोन माळा घेतल्या, एक मोठ्या खेकड्यांची, एक बारीक, आणि किराणावाल्याच्या काट्यावर तोलल्या. दोन्हींच्या किलोच्या दरात भलताच फरक निघाला. त्या घरचे खेकडे बारीक होते, म्हणून बारीक माळेचा दर लावला. स्क्रुटिनीत शेरा आला: 'दर जास्त वाटतो, तपासा.' मी वजनांसकट कळवलं. ऑफिसात बसून नुसत्या अंदाजाने दर कापणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

खेकडे नोंदले गेले, याचं समाधान आहे. मन अडकलंय ते दुसऱ्या गोष्टीत.

तो तरुण फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा सून हळूच म्हणाली, "परवा शेजारून थोडं रानातलं मटण बी आलं होतं. लिवलं तर फॉरेस्टवाल्यांना कळंल का?" 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी सांगितलं, तुमचं नाव कुठल्याच तक्त्यात येत नाही, ही माहिती दुसऱ्या खात्याला जात नाही. तिने सासूकडे पाहिलं. म्हातारी मान वर न करता म्हणाली, "नको. काय नाय खाल्लं, असंच लिव."

त्यांचं उत्तर तेच मी लिहिलं. बाई नको म्हणत असताना तिच्या कानगोष्टीचा आकडा भरणं मला पटत नाही.

या पाहणीत देशभरातली 2,61,746 घरं होती. ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च 3,773 रुपये निघाला, त्यातला साधारण 5 टक्के अंडी-मासे-मांसावरचा. त्या बारीक खेकड्यांचे रुपये त्या 3,773 मध्ये आहेत. हे आकडे घेऊन 'आदिवासी ताटात प्रथिनं किती' यावर लिहिणारे लोक आहेत. त्यांनी एवढं तरी धरून चालावं, की 'इतर'मधलं शून्य कधी न खाल्ल्याचं असतं, कधी सोबत आलेल्या माणसाचं आणि कधी भीतीचं. तक्त्यात तिन्ही सारखीच दिसतात.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये मी त्या घरी पुन्हा गेलो. खाण्याची प्रश्नावली पहिल्याच भेटीत आटोपली होती. मी साबण, मोबाइल रिचार्ज, भांडी आणि कपाटं विचारत राहिलो.