शिंजुकूत जुना कॅमेरा घेताना आधी चिठ्ठी वाचा

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाच्या आसपासच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती प्रत्येक कॅमेऱ्याला लावलेली चिठ्ठी. किंमत एका ओळीत आणि उणिवा तीन ओळींत. 'लेन्समध्ये काबी', 'व्ह्यूफाइंडरात धूळ', 'मीटर (उजेड मोजणारा) चालतो, अचूकतेची हमी नाही'. विकणाराच आपल्या मालाची नालस्ती करून ठेवतो! "एकदम टकाटक आहे साहेब, एका डॉक्टरांचा होता, फारसा वापरलाच नाही" हे ऐकत वाढलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवायलाच वेळ लागतो.

पहिला फिल्म कॅमेरा घेणाऱ्याने मॉडेलांच्या याद्या पाठ करण्याआधी या चिठ्ठीवरचे चार-पाच शब्द शिकावेत. चिरी म्हणजे आतली धूळ. फोटोत ती दिसत नाही, तिच्यासाठी लेन्स नाकारू नका. काबी म्हणजे बुरशी. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एखादा धागा असेल तर फोटो बिघडत नाही, पण ती काचेवरचं कोटिंग खाते आणि पुसल्यावरही डाग उरतो. कुमोरी म्हणजे काचेवरचा दुधट धूसरपणा, आणि नवखा नेमका इथेच फसतो. समोरून लेन्स स्वच्छ दिसते, पण उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की काळा रंग राखाडी होतो. बारुसामु म्हणजे जोडकाचांमधला डिंक सुटणं. कडेला इंद्रधनुषी डाग दिसतो आणि दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या वर जातो. मोरुतो म्हणजे मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज. दहा-पंधरा वर्षांत तो चिकट होऊन गळतो आणि फोटोवर नारिंगी पट्टे येतात. पण हा दोष सर्वांत स्वस्त: जुना स्पंज स्पिरिटने खरवडून नवीन पट्ट्या घरीच चिकटवता येतात. म्हणून 'मोरुतो खराब, बाकी ठीक' अशी चिठ्ठी दिसली की किंमत बघा.

'जंकु', म्हणजे भंगार, लिहिलेल्या टोपल्यांपासून मात्र पहिल्या खरेदीत लांब राहा. तिथे हमी नाही, परत घेणं नाही.

आता थोडं आपल्या बाजूनेही. इथल्या काउंटरवर दुरुस्तीचं विचारलं की 'पार्ट मिळत नाहीत' हे वाक्य अतिशय नम्रपणे, कमरेत वाकून ऐकवलं जातं, आणि विषय संपतो. मुंबईत बोरा बाजाराच्या बाजूचा जुना कारागीर तीन मेलेल्या कॅमेऱ्यांतून एक जिवंत करतो. चिठ्ठी लिहीत नाही, हे खरं. पण आपल्याकडे माल पाच हातांतून फिरून येतो, त्याचा इतिहास कोण सांगणार? असो. तरी खरेदी इथेच करावी असं मत आहे, आणि त्यात स्वतःच्या सोयीचा भाग किती हे विचारू नये.

मॉडेल: बॅटरी नसली तरी सगळे शटर स्पीड चालतील असाच घ्या. १९७७ चा निकॉन एफएम हा माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय. एक सेकंद ते १/१००० सेकंद पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरला, एलआर४४ नावाचे दोन बटण-सेल. फिल्म पुढे सरकवायचा वाइंडिंग लिव्हर थोडा बाहेर ओढला की मीटर सुरू होतो, त्यामुळे डाव्या डोळ्याने बघणाऱ्याला तो टोचतो. १९७७ पूर्वीच्या जुन्या निकॉर लेन्सही यावर बसतात, कारण माउंटजवळची (लेन्स बसते त्या कड्याजवळची) खुंटी वर उचलता येते. पुढच्या एफएम२ वर ती सोय नाही. हात आखडता असेल तर पेंटॅक्स एसपी. त्याची ५५ मिमी एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) किमतीच्या मानाने फारच चांगली. कॅनन एई-१ देखणा, पण बॅटरी संपली की ठोकळा. ऑलिम्पस ओएम-१ हलका आणि सुरेख, पण मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेला; साधा १.५ व्होल्टचा घातला तर मीटर जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळवंडतात.

बॉडीवर 'पास्ड' लिहिलेला सोनेरी लंबगोल स्टिकर दिसतो. आपल्याकडच्या आजोबांच्या जपानी कॅमेऱ्यांवरही असतो. ती निर्यातीच्या वेळची तपासणी. आजच्या तब्येतीशी तिचा संबंध नाही.

लेन्स एकच, ५० मिमी एफ/१.८ किंवा एफ/२. एफ/१.४ साठी जास्तीचे पैसे मोजून फार तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, मिळतो; एफ/१.८ च्या तुलनेत तर पाऊणसुद्धा नाही. दुसरी लेन्स दहा रोल झाल्यावर, आणि तेव्हा २८ मिमी. ३५-७० चा जुना झूम फुकट मिळाला तरच.

काउंटरवर "तपासून बघू का?" विचारलं की हो म्हणतात. लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, पांढऱ्या भिंतीकडे धरून १/१००० वर शटर मारा. चौकोन पूर्ण उजळ दिसला पाहिजे; एक कड काळी राहिली तर शटरचे पडदे अडखळतायत. मग एक सेकंदावर ऐका, मधेच थांबला तर तेल सुकलंय. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर उजेडाकडे धरून सुईएवढी भोकं शोधा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा, कुमोरी तेव्हाच दिसते. अपर्चरची, म्हणजे लेन्सच्या आतल्या उजेडाच्या भोकाची, पाती खटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल आलंय. मीटर मोबाइलच्या ॲपशी ताडून बघा. निगेटिव्ह फिल्मला एक स्टॉप जास्त उजेड पचतो, कमी पचत नाही.

पहिला रोल २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) घ्या. कडक उन्हात एफ/१६ आणि १/२५०, मीटर बंद असला तरी चालेल. फिल्म पुढे सरकवताना डावीकडचा रिवाइंड नॉब फिरतोय ना, तेवढं बघा. फिरत नसेल तर टोक अडकलेलंच नाही आणि छत्तीस फोटो हवेत जाणार.

कॅमेरा गावी नेणार असाल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. टोकियोचा जून-जुलैही दमट असतो, म्हणून इथे ४०-५० टक्के आर्द्रता राखणारी खास कपाटं विकतात. दापोलीच्या ऑगस्टपुढे तो दमटपणा काहीच नाही. सोबत मिळणारी चामडी केस ओल धरून ठेवते आणि बुरशी तिथूनच लेन्सवर चढते, तेव्हा ती दुकानदारालाच परत द्या.