ओव्यांची यादी, नोंद ३ : ओळ कुठे संपते

ओव्यांच्या फायली वाचणाऱ्या माझ्या प्रोग्रॅममधून शेवटची ओवी दोनदा छापली जात होती, पण चारपैकी तीनच फायलींत. चौथ्या फायलीत ती एकदाच यायची आणि तिचं शेवटचं अक्षर मोडलेलं असायचं. ‘माउली’ऐवजी ‘माउल’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. या आठवड्यात दोन्हींचं मूळ सापडलं, म्हणून आधी तेच लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: आजीच्या जात्यावरच्या ओव्या घरातल्या चौघींनी टाइप केल्या आहेत, दोन मावश्या, मामी आणि मी. एका ओळीत एक ओवी, एवढंच ठरलं होतं. मला त्या सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वाचून, पुन्हा आलेल्या ओव्या शोधून, अकारविल्हे लावायच्या आहेत. पायथॉनमध्ये हे चार ओळींत होतं. पण फायलीत ‘ओळ’ नावाचं नेमकं काय असतं ते मला तळापासून बघायचं आहे, म्हणून सी.

तर, माझं लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) ‘एफईओएफ शून्य आहे तोवर एफगेट्स’ असं होतं. एफगेट्स हे फायलीतून एक ओळ वाचणारं फंक्शन, एफईओएफ हे फायलीच्या शेवटाबद्दल विचारायचं. एफईओएफ पुढे काय आहे ते सांगत नाही. मागच्या वाचनात फायलीचा शेवट लागला होता का, एवढंच सांगतं. तीन फायलींत शेवटच्या ओवीनंतर एंटर दाबलेलं आहे. तिथे एफगेट्स त्या एंटरपाशीच थांबतं, शेवटाला त्याचा हात लागत नाही, त्यामुळे लूप आणखी एक फेरी मारतं. त्या फेरीत एफगेट्स नल (‘काही मिळालं नाही’) परत देतं आणि अ‍ॅरेला हातही लावत नाही. ही वाचलेली ओळ ठेवायची माझी जागा; तिच्यात जुनीच ओवी असते, तीच पुन्हा छापली जाते. धाकट्या मावशीने मात्र शेवटी एंटर दाबलेलं नाही. तिची शेवटची ओवी वाचतानाच शेवट लागतो, म्हणून तिथे लूप वेळेवर थांबायचं.

अक्षर मोडण्याचं कारणही तेच, न दाबलेलं एंटर. मी ‘स्ट्रलेन (मजकुराची बाइटांतली लांबी) वजा एक’ या जागी शून्य, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, ठेवून नवओळ (एंटरचं चिन्ह) काढत होते. नवओळच नसेल तर तिथे ‘ली’च्या वेलांटीच्या तीन बाइटांपैकी शेवटचा असतो आणि तोच मी कापत होते. आता लूपची अट एफगेट्सने दिलेलं उत्तर हीच आहे, आणि नवओळ काढायला स्ट्रसीस्पॅन हे फंक्शन वापरते. ते पहिली नवओळ शोधतं, नसेल तर मजकुराची पूर्ण लांबी देतं, म्हणजे काही कापलं जात नाही. एफईओएफ लूपच्या बाहेर, सगळं झाल्यावर विचारायचं: शेवट आला म्हणून थांबलो की वाचताना चूक झाली? चुकीसाठी फेरर हे फंक्शन आहेच.

आता या आठवड्याचा खरा भाग. माझा अ‍ॅरे १२८ बाइटांचा होता. एफगेट्स त्यात १२७ बाइट भरतं आणि शेवटी शून्य ठेवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटांचं, म्हणजे १२७ मध्ये जेमतेम ४२ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. ‘जात्यावर’ या एका शब्दाचेच २४ बाइट होतात. जवळजवळ प्रत्येक ओवी दोन तुकड्यांत येत होती आणि यादीत दोन नोंदी होऊन बसत होती.

मी ‘बफर (बाइट तात्पुरते ठेवायची जागा) लहान आहे’ असं म्हटलं आणि बफरचा आकार ठरवणाऱ्या सेटव्हीबफकडे गेले. ६५,५३६ बाइट मागितले, ओव्या तुटतच राहिल्या. मग स्ट्रेस लावून पाहिलं; प्रोग्रॅम कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) काय मागतो ते त्यात दिसतं. रीड (एका खेपेचं वाचन) अजूनही ४०९६ बाइटांचाच होत होता. मॅन पेजमध्ये (लिनक्सच्या माहितीपानात) कारण स्पष्ट लिहिलं आहे: जागेचा पॉइंटर (पत्ता) नल दिला तर फक्त बफरची पद्धत बदलते, मागितलेला आकार पाळला जात नाही. मग स्वतःचा स्टॅटिक अ‍ॅरे दिला. (स्टॅटिक अशासाठी की स्ट्रीम, म्हणजे उघडलेली फाइल, बंद होईपर्यंत ती जागा जिवंत राहिली पाहिजे. आणि सेटव्हीबफ फाइल उघडल्यावर लगेच, पहिल्या वाचनाआधी.) आता स्ट्रेसमध्ये ६५,५३६ चा रीड दिसला. ओव्या तरीही तुटतच होत्या.

तेव्हा मला उमगलं की बफर दोन आहेत आणि मी त्यांना एक समजत होते. एक स्ट्रीमचा, कर्नलकडून बाइट घाऊक आणून ठेवणारा. त्याला ओळींशी देणंघेणं नाही. त्याच्या कडेवर एखादी ओळ अर्धी आली तर एफगेट्स स्वतःच पुढचा रीड करवून घेतं, आपल्याला कळतही नाही. दुसरा माझा अ‍ॅरे, आणि ओवी तुटत होती ती या दुसऱ्याच्या कडेवर. पहिला कितीही मोठा केला तरी फक्त सिस्टिम कॉल (कर्नलकडच्या खेपा) कमी होतात. आमच्या फायली इतक्या लहान आहेत की तो फरक मला घड्याळात दिसलाही नाही. सेटव्हीबफ काढून टाकलं.

देवनागरी वाचणाऱ्यांनी पुढचा मुद्दा जपून ठेवावा. मी सुरुवातीला ६४ बाइटांचा अ‍ॅरे घेऊन ‘दळण’ हा शब्द मध्ये जागा न सोडता बरेचदा लिहून चाचणी घेतली होती, आणि एकही अक्षर मोडलं नव्हतं. ‘दळण’चे ९ बाइट, सात वेळा झाले ६३. अगदी काठोकाठ. ६३, २५५, १०२३, ४०९५ या सगळ्यांना ३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून निव्वळ देवनागरी मजकूर त्या आकारांत नेमका चिन्हाच्या सांध्यावर तुटतो. १२७ आणि ५११ ला भाग जात नाही. खऱ्या ओवीत शब्दांमधली जागा एका बाइटाची असते, त्यामुळे कुठलाच आकार सुरक्षित राहत नाही. चाचणीला खरीच ओवी घ्या.

शिवाय चिन्ह शाबूत राहिलं तरी जोडाक्षर तुटतंच. ‘त्या’मधल्या त नंतर काप पडला तर पुढचा तुकडा हलन्ताने सुरू होतो आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. दिलासा एवढाच की तुकडे बाइट म्हणून जोडले की अक्षर जसंच्या तसं परत मिळतं. नवओळ शोधण्यातही धोका नाही. देवनागरी चिन्हाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, नवओळीचा १० त्याच्या पोटात कधीच सापडत नाही.

तुकडे जोडायला मी आधी जागा वाढवणाऱ्या रिअ‍ॅलॉकचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. ते चाललं. मग ते काढून गेटलाइन घेतलं, कारण ते हेच करतं. पूर्वी ती ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची भर होती, २००८ च्या पॉझिक्स या मानकात ती आली. पॉइंटर नल आणि आकार शून्य देऊन सुरुवात करायची, जागा ती वाढवत जाते, लांबी परत देते, शेवटाला उणे एक. फ्री (जागा परत देणं) एकदाच, लूप संपल्यावर, आणि उणे एक आलं तरीही. एका गोष्टीने माझी शनिवारची संध्याकाळ घेतली: गेटलाइन तीच जागा पुन्हा वापरते. मी तो पॉइंटरच यादीत ठेवत गेले आणि यादीभर एकच ओवी दिसू लागली. आता प्रत्येक ओवीची स्ट्रडपने प्रत काढते.

ओळ वाचायचं जुनं फंक्शन गेट्स वापरावं का, अशी विचारणा झाली होती. वापरू नका. आपल्याला किती जागा आहे हे तिला सांगताच येत नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतल्या याच गेट्समधून, ५१२ बाइटांच्या बफरपलीकडे लिहून आत शिरत होता. २०११ च्या सी मानकातून ती काढून टाकली आहे.

मामीची फाइल विंडोजवरची आहे. तिथे ओळीच्या शेवटी १३ आणि १० असे दोन बाइट येतात, आणि लिनक्सवर १३ तसाच राहतो. त्यामुळे तिची आणि माझी तीच ओवी वेगळी ठरत होती. स्ट्रसीस्पॅनला दोन्ही चिन्हं दिली की झालं. तिच्या पहिल्याच ओवीपुढे २३९, १८७, १९१ असे तीन बाइटही होते, बॉम, म्हणजे फाइल यूटीएफ-८ असल्याची खूण. तो फायलीच्या सुरुवातीला एकदा तपासून ओलांडते. हे केल्यावर मामीच्या आणि माझ्या फायलींत अकरा ओव्या शब्दशः सारख्या निघाल्या. आजीने दोघींना वेगवेगळ्या वर्षी सांगितलेल्या, एका अक्षराचाही फरक नाही. त्या अकरा ओव्या पडद्यावर आल्या तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते.

धाकट्या मावशीच्या फायलीतल्या ओव्यांची बेरीज डब्ल्यूसी या मोजणी करणाऱ्या आज्ञेपेक्षा एकाने जास्त येते, ती बरोबर आहे. डब्ल्यूसी नवओळी मोजतो, आणि तिच्या शेवटच्या ओवीला नवओळ नाही.

क्यूसॉर्ट (क्रम लावणारं) आणि स्ट्रकॉम्प (बाइटांची तुलना करणारं) या फंक्शनांनी ओव्या लावून पाहिल्या तर ‘काळी’ ही ‘काशी’च्या आधी येते, कारण युनिकोडमध्ये (चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत) ळ हा ल ला लागून बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. पुढच्या नोंदीत तुलनेचं फंक्शन स्वतः लिहिणार आहे, क्ष आणि ज्ञ धरून.