दुरुस्त्यांचे पान

आमच्या शाळेच्या हस्तलिखित अंकाच्या शेवटी मी नेहमी दोन पाने कोरी ठेवत असे आणि त्यांच्या माथ्यावर 'दुरुस्त्या' एवढाच एक शब्द लिहीत असे. निवृत्तीनंतर कपाट आवरताना ते सगळे अंक पुन्हा हाती आले आणि मुलांच्या लेखनापेक्षा या शेवटच्या पानांनीच मला अधिक वेळ बसवून ठेवले. शिकवण्याने आणि लिहिण्याने जगात काही फरक पडतो का, असे मला सेवेच्या काळात कितीदा तरी कुणी ना कुणी विचारले आहे. त्याचे जे काही उत्तर माझ्यापाशी आहे, ते या पानांवरच सापडेल असे वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी १९९४ साली रुजू झाले. मधली सहा वर्षे बदलीवर गेली, ती सोडली तर २०२३ पर्यंत तिथेच होते. पहिल्या वर्षी शाळेचा पट ४७ होता आणि शेवटच्या वर्षी ९. या घसरणीचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: मुंबईला गेलेला चाकरमानी पूर्वी बायकामुले गावी ठेवून जात असे, आता तो त्यांना सोबत नेतो. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

त्या काळात मी जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात अधूनमधून लेख लिहीत असे आणि मनात कुठेतरी अशी समजूत होती की खरे काम ते आहे, वर्गातले काम म्हणजे नोकरी. पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, मोडक्या साकवावर (छोट्या पुलावर) मी तीन लेख लिहिले. साकव झाला, पण तो माझ्या लेखांमुळे झाला की त्या वर्षी निवडणूक होती म्हणून झाला, याबाबत गावात आजही दोन मते आहेत आणि माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

हस्तलिखिताची सुरुवात झाली ती एका निबंधामुळे. चौथीतल्या एका मुलाने 'माझे बाबा' या विषयावर लिहिले होते की, 'माझे बाबा रोज सकाळी दहा वाजता ऑफिसला जातात व सायंकाळी माझ्यासाठी खाऊ आणतात.' त्याचा बाप हर्णै बंदरातल्या एका होडीवर खलाशी होता. मुलगा खोटे बोलत नव्हता. निबंधाच्या पुस्तकातले बाबा ऑफिसला जातात, म्हणून निबंधातल्या बाबांनी ऑफिसलाच जायचे असते, असा त्याचा प्रामाणिक समज होता. आपल्या बापाचे काम लिहिण्याजोगे नाही, हे त्याला कुणी शिकवले नव्हते, तरी तो ते शिकला होता. मी त्याला खऱ्या बापाविषयी लिहायला सांगितले. बराच वेळ पेन्सिल चावून त्याने चार ओळी लिहिल्या: बाबा आठ दिवस घरी नसतात, आले की आधी झोपतात, झोपेत तांडेलाला (होडीच्या मुख्य खलाशाला) हाका मारतात, पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा पडवीत बसून जाळी नीट करतात आणि त्या दोन महिन्यांत आईशी जास्त भांडतात.

हे मी वर्गात मोठ्याने वाचले तेव्हा मुले आधी हसली आणि मग एकाएकी गप्प झाली. त्यानंतर आणखी सहा मुलांनी आपापले बाप नव्याने लिहून आणले.

ते सगळे एकत्र शिवून पहिला अंक तयार झाला. प्रत एकच असल्यामुळे तो दर घरी एक दिवस ठेवायचा असे ठरले आणि मुहूर्त गणपतीचा धरला, कारण तेव्हा घरे भरलेली असतात. माझी अपेक्षा होती की लोक कौतुक करतील. कौतुक कुणी फारसे केले नाही. लोकांनी चुका काढल्या. त्या खलाशाच्या बायकोला वाचता येत नव्हते, तिने मुलाकडून सगळे वाचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीशी येऊन मला सांगितले, "बाई, आठ नाय, कधी कधी बारा दिस पण होतात. तेवढा बरोबर करून घ्या." भांडणाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पुढच्या वर्षापासून मी दुरुस्त्यांसाठी कोरी पाने शिवू लागले.

त्या पानांवर काय नाही? एका आजोबांनी भाताच्या तरव्याचा, म्हणजे रोपांचा, मजकूर खोडून भाजावळ (जमीन भाजणे) आधी की पेरा आधी हे क्रमाने लिहवून घेतले आहे. शिमग्याच्या पालखीचा मान कोणत्या घराकडून कोणत्या घराकडे जातो, यावर तीन हस्ताक्षरांत वाद आहे आणि शेवटी मला मध्ये पडून 'याविषयी सहाणेवर', म्हणजे पालखी बसते त्या जागी, 'बोलावे' असे लिहावे लागले. आयुष्यात कधी लेखणी न धरलेल्या माणसांनी केवळ चुकीचे राहू नये म्हणून नातवंडांच्या हातून लिहून घेतले आहे. वर्तमानपत्रातल्या माझ्या लेखांतली एकही चूक कुणी कधी काढली नव्हती, आणि त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

एका वरिष्ठांनी तपासणीत अंक चाळून हे अभ्यासक्रमात कुठे बसते असे विचारले होते. मी 'भाषा' म्हटले. त्यांनी 'बरं' म्हटले आणि मध्यान्ह भोजनाच्या नोंदवहीकडे वळले.

आमच्या तालुक्याला शिकवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांची उणीव कधीच नव्हती. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचे नाव निघाले की १९१६ चे महिला विद्यापीठ आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली मिळालेले भारतरत्न यांचीच आठवण होते. मला मात्र १९३६ मधले कर्वे अधिक जवळचे वाटतात: शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी संस्था स्थापन केली आणि तिच्यासाठी वर्गणी मागत ते दारोदार हिंडले. पालगडच्या साने गुरुजींना महाराष्ट्र लेखक म्हणून ओळखतो; पण अमळनेरला शिक्षक असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत असत. त्याचे वाचक म्हणजे शेजारच्या खोल्यांत राहणारी, नावानिशी माहीत असलेली मुले. गुरुजींच्या पुढच्या लेखनात वाचकाशी जी जवळीक आहे तिचा उगम मी तरी त्या दैनिकात मानते, समीक्षक काहीही म्हणोत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले, तरी दापोली-मंडणगडला त्याने सोडले नाही. शाळेची कौले उडाली, नारळ मोडले आणि पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होती, आणि शहरांत ऑनलाइन वर्गांची चर्चा चालली होती तेव्हा आमच्याकडे विजेचे खांब जमिनीवर होते. मी घरोघरी जाऊन मुलांना एकेक वही दिली आणि सांगितले की जे दिसेल ते मोजा आणि लिहा.

पाचवीला गेलेल्या एका मुलीने आपली नारळ-पोफळीची वाडी लिहिली. तिने झाडे नुसती मोजली नाहीत. आजीच्या हातची पोफळ, पाटाकडची जोडपोफळ, शिपण्याच्या वेळी पाण्याच्या दोणीवर वाकणारा माड, असे प्रत्येकाला ओळखून लिहिले. एकूण ६३ पोफळी आणि ४ माड. वाट मोकळी करण्यासाठी पुढच्या आठवड्यात तिच्या घरच्यांनी बरीचशी झाडे तोडून बाजूला केली.

बागांसाठी सरकारी मदत आधी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाली होती. हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. आमच्याकडे वाड्या पाच-दहा गुंठ्यांच्या असतात आणि पोफळ पुन्हा लावली तर धरायला पाच-सहा वर्षे घेते. ओरड झाल्यावर ती मदत झाडामागे द्यायचे ठरले आणि झाडांची मोजणी सुरू झाली. त्या मुलीच्या वाडीत मोजायला आलेल्या माणसाने पोफळींचे बुंधे मोजले, ते ६१ भरले. बापाने ती वही पुढे केली. त्या माणसाने आधी मान हलवली, मग उभ्यानेच पान वाचले आणि मुलीला विचारले, "यातली जोडपोफळ कुठं होती गं?" पाटाची कड मातीसकट खचून पऱ्यात गेली होती. ते दोघे खाली उतरले आणि गाळात अडकलेले दोन्ही बुंधे त्याने स्वतः पाहिले.

दोन पोफळींची भरपाई म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. पण आपल्या लिहिण्याला बाहेरच्या कुणी खरे मानले आणि खरे आहे की नाही ते पाहायला तो पऱ्यात उतरला, हे त्या मुलीने अकराव्या वर्षी पाहिले. शिक्षक म्हणून हा प्रसंग मला घडवून आणता आला नसता. मी फक्त वही दिली होती.

ते पान कागदपत्रांसोबत फाडून दिले गेले आणि परत आले नाही. त्या वर्षीच्या अंकात त्याच्या जागी मुलीने आठवून लिहिलेली दुसरी प्रत आहे आणि शेवटच्या पानावर तिच्या आजीची दुरुस्ती आहे: आजीच्या हातची म्हणून लिहिलेली पोफळ मुळात आजीच्या सासूने लावली होती.