बडोद्यातले पाच दिवस आणि थोरलीची जमाखर्चाची वही

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं यावरून आमच्या घरी दरवर्षी जे रामायण घडतं, ते यंदा दोन मिनिटांत आटोपलं. घराचं रंगकाम नुकतंच झालं होतं आणि रंगाऱ्याने जाता जाता आमच्या बँकेच्या खात्यावरही एक पांढरा हात मारला होता. त्यामुळे गोवा, महाबळेश्वर ही नावं कुणी काढलीच नाहीत. आई म्हणाली, "मावशी किती वर्षं बोलावतेय. बडोद्याला जाऊ." नवऱ्याला रजा नव्हती. मी, आई, अकरा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा अशी चौघं निघालो.

राहणं-जेवणं मावशीकडे. बाकी हिंडणं-फिरणं रोजच्या तीनशे रुपयांत, रिक्षासकट. हिशोब ठेवायचं काम थोरलीकडे दिलं आणि तिथेच माझं चुकलं. तिने दोनशे पानी वही काढली, रेघा मारल्या आणि शेवटच्या रकान्याला नाव दिलं 'वसूल?'.

नाशिकहून सापुतारामार्गे एसटीने सुरत, तिथून रेल्वेने बडोदा. घाटात धाकट्याने जे करायचं ते केलं. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

मावशीचं घर दांडिया बाजारात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती इथेच. तिची मराठी आता थोडी वाकडी झालीये, 'बस' म्हणायच्या जागी 'बेस' म्हणते आणि आपण उभेच राहिलो तर रागावते. पण आसपासच्या पाट्यांवर मराठी आडनावं, खिडकीतून येणारा पोह्यांच्या फोडणीचा वास. आईला तर आपण राज्य ओलांडून आलोय हेच पटेना. पहिल्याच रात्री तिने मावशीच्या नातवाच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. हा खर्च बजेटात धरायचा की नाही यावरून आमच्या हिशोबनीसबाईंशी वाद झाला. नोटेच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग होता म्हणून ती तिच्या चांगलीच लक्षात राहिली, हे मात्र मला नंतर कळलं.

सकाळी मावशीने जाहीर केलं, "आधी कमाटीबाग." सरकारी नाव सयाजीबाग. विश्वामित्री नदीच्या काठावरची ही बाग सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली लोकांसाठी केली. बाहेर चौकात महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्या चौकाला सगळे काळा घोडा म्हणतात. बागेत शिरायला तिकीट नाही. हे कळल्यावर थोरलीने वहीत मोठ्ठं शून्य काढलं आणि धाकट्याला दाखवलं, जणू ते तिनेच कमावलंय.

बाग मोठी आहे. एका दिवसात सगळी बघू असं म्हणणाऱ्यांच्या सोबत सहा वर्षांचं पोर नसावं. आम्ही पुलापाशीच तासभर अडकलो, कारण मगरी. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, भर वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या. हिवाळ्याच्या तोंडाशी सकाळच्या उन्हात त्या काठावर येऊन पडतात. आम्हाला आधी काहीच दिसेना. चिखल, गवत, कुणीतरी टाकलेलं ओंडकं. मग शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी धाकट्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून बरोबर दिशेला वळवलं आणि म्हणाले, "जो, पेलुं लाकडुं." त्या ओंडक्याने तोंड उघडलं. पोराने केलेली किंकाळी पलीकडच्या काठापर्यंत गेली असावी. मगर ढिम्म. पुढचे चार दिवस त्याने प्रत्येक पुलावर रिक्षा थांबवायला लावली. नदी मैली आहे, वास येतो, हेही सांगून ठेवते.

बागेतच बडोद्याचं म्युझियम आहे. त्याला तिकीट आहे, पण आमच्या तीनशेत आरामात बसणारं. इमारत १८९४ची. आत इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. पोरांना एवढ्यावर दिवस काढता येतो. ममीच्या काचेपाशी धाकटा माझ्या ओढणीत शिरला आणि तिथूनच प्रश्न विचारत राहिला: ती झोपलीये का, तिची आई कुठे आहे, तिला इथे कोणी आणलं. सांगाड्याखाली मात्र तो शूर झाला. मला स्वतःला अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती बघायच्या होत्या. अकोटा म्हणजे आज बडोद्याचंच एक उपनगर, आणि या मूर्तींतल्या काही सहाव्या शतकाइतक्या जुन्या. हाताएवढ्या मूर्ती, पण चेहरे असे की माणूस उगाच हळू बोलायला लागतो. मला तिथे फार वेळ मिळाला नाही. पोरांबरोबर म्युझियम बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं जेवणं.

शेजारच्या चित्रदालनाची गोष्ट मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, नंतर जेवताना सांगितली. इमारत १९१४ला तयार होती. पण युरोपातून यायची चित्रं पहिल्या महायुद्धाने अडकवली, आणि दालन उघडलं ते थेट १९२१ला. "म्हणजे सात वर्षं नुसत्या खिळ्यांचं प्रदर्शन," काका म्हणाले. हा विनोद ते पंचवीस वर्षं करत असावेत, कारण मावशीने ऐकून वरणाचं पातेलं पुढे सरकवलं.

त्याच बागेत संकल्पभूमी आहे. तिथे जायचं मी ठरवलं नव्हतं, पाय वळले. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले. कराराप्रमाणे नोकरी करायला १९१७च्या सप्टेंबरात बडोद्याला आले, आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत कसेबसे दहा दिवस निघाले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी याच बागेत बसून काढले.

आईने फलक वाचला आणि पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. थोरलीने विचारलं, "पण महाराजांनीच पाठवलं होतं ना शिकायला? मग महाराजांनी घर का नाही दिलं?" सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो लवकर निकाली निघाला नाही, एवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही नव्हतं. सयाजीरावांचं कौतुक मला आधीपासून आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर, १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला आणि १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण केलं. त्या कौतुकातच ही बागेतली जागाही धरावी लागते. वहीत त्या दिवशी संकल्पभूमीसमोर 'वसूल?' हा रकाना तिने रिकामा सोडलाय.

आता खाण्याकडे. बडोद्यात येऊन सेवउसळ खाल्ली नाही तर मावशी घरात घेणार नाही अशी परिस्थिती होती. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर लाल तरी, शेव, कांद्याची पात, लसणाची चटणी आणि पाव. उसळ आपली, शेव त्यांची. दोन्ही घरांनी मिळून लावलेलं लग्न. मी नाशिकची, मिसळीच्या बाबतीत आम्ही माणसं कुणाचं ऐकून घेत नाही. पहिला घास घेऊन मी म्हणाले, "बरी आहे." दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला तेव्हा काका नुसते हसले. धाकट्याला कोरडी शेव आणि पाव, तेवढ्यावर तो खूश. चौघांचं पोट भरून एका दिवसाच्या बजेटाचा अर्धा भागही गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी आम्हाला रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात घेऊन गेली. गल्लीत शिरल्यावर बाहेरून काही कळत नाही. आत गेलो आणि आई दारातच थांबली. हा बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा, एकोणिसाव्या शतकातला. लाकडी खांब, नक्षीच्या महिरपी, आणि वर गेलं की भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. कृष्णाच्या लीला, महाभारत, लढाया, पगड्या, टोपीवाले गोरे. आता तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आम्ही गेलो तेव्हा पहारेकरी आणि आम्ही, बाकी कुणी नाही. तिकीट कुणी मागितलं नाही. चित्रं ठिकठिकाणी उडालीयेत, काही भिंती नुसत्या डाग होऊन राहिल्यात, ते बघून वाईट वाटतं. पण आई एका चित्रातल्या बाईसमोर किती तरी वेळ उभी होती. मग मावशीला म्हणाली, "आपली आजी अशीच बसायची की गं, एक पाय दुमडून." दोघी बहिणी तिथेच जिन्यात बसल्या आणि त्यांच्या आजीपासून सुरू झाल्या. पोरं जिने मोजत होती. मी गप्प बसून ऐकलं. अख्ख्या सुट्टीतला माझा सगळ्यात आवडता तास तो.

कीर्तिमंदिर मात्र अर्धं बघितलं. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी १९३६ साली बांधलेली ही वास्तू, आतल्या भिंतींवर नंदलाल बोसांची भित्तिचित्रं: गंगावतरण, मीराबाई, महाभारताचं युद्ध. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. मी मान वर करून नकाशा शोधत होते आणि धाकट्याला नेमकी तेव्हाच घाई लागली. काही गोष्टींचा इतिहासाशी संबंध नसतो.

लक्ष्मीविलास पॅलेसच्या फाटकापर्यंत गेलो. चौघांचं तिकीट म्हणजे आमचे दोन-तीन दिवस. थोरलीने वही उघडली, मिटली आणि "बाहेरून दिसतो की," म्हणाली. खरं तर झाडीतून कळस तेवढे दिसले. मला थोडी चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू. मावशीने लगेच रिक्षा सूरसागरकडे वळवली. तलावाच्या मधोमध शंकराची १११ फुटांची मूर्ती, तिला सोन्याचा मुलामा, आणि संध्याकाळी काठावर गाव लोटलेलं. शेंगदाणे, वारा, फुगेवाले. आईचे गुडघे त्या दिवशी पहिल्यांदा शांत बसले.

चौथा दिवस चांपानेरला. एसटीने दीड तासाच्या आत पोचतो. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ साली पावागड जिंकला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. पन्नास वर्षांत ती ओस पडली. २००४पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. इथे तिकीट आहे, पण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. ही गोष्ट पोरं घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गडावर कालिकामातेला जायची आईची फार इच्छा होती. रोपवेची रांग बघून तिने खालूनच हात जोडले. आम्ही जामा मशिदीत बसलो. कोरलेल्या खांबांच्या सावलीत फरशी इतकी थंड की धाकटा तिच्यावर पालथा झोपला. खाऊचा डबा बाहेर झाडाखाली उघडला: मावशीची थेपली, छुंदा आणि, हट्टाने, आईचे बेसनलाडू.

शेवटच्या दिवशी फतेगंजातलं ईएमई मंदिर. ईएमई म्हणजे लष्करातल्या यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनिअरांचं दल. दक्षिणामूर्ती शंकराचं, लष्कराने १९६६ साली बांधलेलं, वरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेलं. धाकट्याला ते रॉकेट वाटलं आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. लष्करी हद्दीतलं आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोची आशा सोडा. परतताना मांडवीत खरेदी. लीलो चेवडो म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, भाकरवडी, मावशीच्या सांगण्यावरून अजून भाकरवडी. पाच दिवस काटकसरीने वाचवलेलं सगळं एका दुकानात पंधरा मिनिटांत गेलं आणि हिशोबनीसबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी पाठीमागे धरली.

स्टेशनवर मावशीने नेहमीप्रमाणे गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीतून हात घालून थोरलीच्या मुठीत काहीतरी कोंबलं. "नाही नाही, मावशी, अगं कशाला," हे माझं चालूच होतं, तोवर फलाट मागे सरकला. थोरलीने मूठ उघडली. पाचशेची नोट, कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग.

ती कितीतरी वेळ नोटेकडे बघत बसली. मग आजीला विचारलं, "ही जमा लिहू की खर्च?"

आईने डोळे मिटून घेतले होते. झोपेचं सोंग तिला चांगलं जमतं.